सोवळ्यातली पाकशास्त्रं

आमच्या मुलुंडच्या घरात देवघराखाली एक बुटकं लाकडी कपाट होतं आणि त्याला आत्याशिवाय कोणी हात लावत नसे. आत सोवळ्यातल्या पोथ्या आहेत, एवढं सगळ्यांना माहीत होतं आणि तेवढं पुरे होतं. आई केर काढताना झाडू त्याच्यापासून हातभर लांब ठेवायची. वडील पूजेला बसले की त्यांचा गुडघा कपाटाच्या दाराला लागायचा, मग ते देवांबरोबर त्या दारालाही नमस्कार करायचे.

त्या कपाटात एकही पोथी नव्हती. होती ती सगळी पाकशास्त्रं. शिळाछापाची, पिवळी पडलेली, एखाद्याला पुठ्ठा नाही तर एखाद्याची शेवटची पानं गेलेली. प्रत्येक पुस्तक लाल फडक्यात बांधलेलं, आत कसर लागू नये म्हणून वेखंडाचा तुकडा आणि कडुलिंबाचा पाला. हे घरात दोघींनाच ठाऊक होतं, आत्याला आणि मला.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, त्यांची अक्का. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तिचा नवरा तापाने गेला आणि सासरच्यांनी तिला कोकणात माहेरी आणून सोडलं. पुढे आजी गेली तेव्हा वडील अजून पाटी घेऊन शाळेत जात होते. आत्याने त्यांना वाढवलं आणि त्यांनी त्याच पाटीवर तिला अक्षरं शिकवली. मुंबईत कचेरीत नोकरी लागून वडिलांनी मुलुंडला दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं, तशी आत्याही आली. ती एकदाच जेवायची. कांदा-लसूण वर्ज्य, मसूर वर्ज्य, रात्री मूठभर लाह्या नाहीतर कपभर दूध. आणि घरादाराचा स्वयंपाक मात्र तिनेच करायचा. नैवेद्य दाखवायच्या आधी चव बघायची नाही, आणि नैवेद्य झाल्यावर त्यातलं निम्मं तिला चालायचं नाही. वन्संना मीठ वासावरून कळतं, असं आई शेजारणींना कौतुकाने सांगायची. त्या कौतुकाचा मला लहानपणापासून संताप यायचा.

पुस्तकांचं सुरू झालं ते एका पुडीवरून. वाण्याकडून जिरं आलं होतं. आत्याने पुडी सोडली आणि कागद चुलीत घालायच्या ऐवजी ती तो वाचत बसली. कुठल्याशा जुन्या पुस्तकाचं पान होतं. कसल्या तरी सारणाच्या पोळ्यांची कृती होती आणि ‘मग तव्यावर टाकून वरून’ एवढ्यावर पान संपलं होतं. वरून काय, हे तिला कळेना. चार दिवस ती त्यावर घुटमळत होती. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "वाण्याला विचार गं, ही रद्दी आणतो कुठून. बाकीचं पुस्तक असेल तर बघ."

वाण्याने घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याचं दुकान सांगितलं. ते पुस्तक मिळालं नाही, पण दुसरी दोन मिळाली. तेव्हापासून ती माझी कामगिरी झाली. वडिलांची वर्तमानपत्रं साठली की मी ती घेऊन घाटकोपरला जायची. रद्दीवाला तराजूच्या एका पारड्यात वर्तमानपत्रं घालायचा, दुसऱ्यात मी निवडलेली पुस्तकं, आणि काटा मध्ये आला की सौदा पुरा. पाकशास्त्र आहे म्हणून त्याने कधी पासंगभरही जास्त मागितलं नाही. उलट एकदा पानं चाळून म्हणाला, "हे कशाला नेते बेबी? यात तर नुसती खायची बात आहे. अभ्यासाचं पुस्तक ने ना."

तो काळ रेशनचा होता. तांदूळ मोजून मिळायचा आणि बाकी भर लाल मिलोवर, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीवर. त्या मिलोच्या भाकरीला ना चव ना चिवटपणा, घशाखाली उतरवायला पाणी लागायचं. वडील बिचारे ती निमूट चावायचे आणि कचेरीत जायचे. आणि दुपारी सगळं आवरल्यावर आत्या भिंतीला टेकून शंभर पानांच्या पंगतीला किती तूप लागतं ते वाचायची. साखरेच्या पाकाच्या तारा वाचायची. केशर कोमट दुधात किती वेळ भिजू द्यावं ते वाचायची. घरात साखर दिसली तर सण, अशी अवस्था. मला हसू यायचं आणि भूकही लागायची.

आत्याने हे लपवलं का, तर आमच्या घराची रीतच तशी होती. विधवा बाई दुपारची पोथी वाचते म्हटल्यावर सगळे आवाज कमी करत. तीच बाई बासुंदीची कृती वाचते म्हटलं असतं तर आईने तोंडाला पदर लावला असता आणि चाळभर झालं असतं, बघा, एवढं वय झालं तरी जिभेचे चोचले सुटत नाहीत. आत्याने कधी खोटं सांगितलं नाही. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर गणपतीचं चित्र असायचं, वर ‘श्री’ असायचं. तिने ती लाल फडक्यात बांधली आणि देवाखाली ठेवली. बाकीचं लोकांनी आपल्या मनाने जुळवलं. आई तर न्हालेली असली तरी सोवळ्याच्या भीतीने त्यांना शिवत नव्हती.

मग आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला आणि वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक अट होती. पोथीच्या चालीवर वाचायचं. आई पलीकडच्या खोलीत पडलेली असायची, तिला शब्द लागू नयेत, नुसता सूर लागावा. मी हेल काढून म्हणायची, नवटाक गूळ घ्यावा, तो बारीक चिरावा, सुपारीएवढं तूप घालावं. आत्या डोळे मिटून ऐकायची आणि अध्याय संपला की हात जोडायची. ते हात जोडणं सोंग नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं.

पण ती नुसती ऐकत नव्हती. एकच पदार्थ तीन पुस्तकांत असला तर तिन्ही ठिकाणचं वाचायला लावायची. इथे गूळ का, तिथे साखर का. हे पुस्तक बटाट्याचं नाव काढत नाही, म्हणजे जुनं. याला टोमॅटो माहीत आहे पण त्याला तो विलायती वांगं म्हणतो, म्हणजे त्यानंतरचं. ज्या पानाला तेलाचा डाग आणि हळदीचं बोट, ते पान खरं, असं तिचं म्हणणं. "कोरं पान म्हणजे ते कोणी केलंच नाही," ती म्हणायची. कोणी तरी समासात पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, आमच्यात यात खोबरं घालत नाहीत, किंवा हे सासूबाईंना आवडले. असलं काही सापडलं की आत्या ते मला दोनदोनदा वाचायला लावायची. एखाद्या रानभाजीचं नाव आलं की ती भाजीवालीला विचारायची, आणि भाजीवाली म्हणायची, हे काय असतं ते माझ्या आयेला माहीत असेल. आत्याचं तोंड उतरायचं.

एकदा ती म्हणाली, "माणूस गेलं की वर्षाला श्राद्ध तरी घालतात. पदार्थ गेला की गेला. कोणाला सुतक नाही."

मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. आमच्या एक बाई मुलींना गृहशास्त्र शिकवायच्या. त्यांच्याजवळ मी सहज बोलून गेले आणि त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, असली पुस्तकं लोक बंबात घालतात, आम्हाला मिळाली तर आम्ही वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवू. मी घरी येऊन आत्याला सांगितलं. तिने पुढ्यातलं पुस्तक फडक्यात बांधून गाठ मारली. मग विचारलं, "मुली वाचतील?"

"वाचतील. करूनही बघतील."

"मग देऊ. पण मी स्वतः येणार. कुठलं पान कुठल्या घराचं, ते मी तोंडाने सांगणार. नाहीतर त्यांना नुसते कागद."

तिच्या आयुष्यात तिने कशासाठी हट्ट केलेला मी बघितला तो एवढाच. दिवाळी झाली की जायचं ठरलं. वडिलांना काय सांगायचं तेही ठरलं. देवदर्शनाला जातो म्हणायचं. ती धुतलेलं लुगडं वेगळं घडी घालून ठेवायला लागली, आणि मी हसले तर चिडली.

दिवाळीच्या आधीच ती आजारी पडली. छातीत पाणी झालं होतं. घाटकोपरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. आई आणि मी आळीपाळीने तिच्याजवळ राहायचो. घरी वडील एकटे. आणि त्याच दिवसांत आमच्या तळमजल्याच्या ओल्या भिंतीतून वाळवी निघाली आणि देवघराखालच्या कपाटात शिरली. वडिलांना सकाळी पूजेला बसल्यावर दाराच्या फटीतून माती गळताना दिसली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटणार नाही. मूर्ती भंगली किंवा पोथी जीर्ण झाली तर ती घरात ठेवत नाहीत. ती रद्दीत देत नाहीत, जाळत तर नाहीतच. वाहत्या पाण्यात विसर्जन करतात. आणि बहीण मरणाच्या दारात असताना तिच्या पोथ्यांना वाळवी लागावी, हा वडिलांना फार मोठा अपशकुन वाटला. त्यांनी फडकी सोडली नाहीत, कारण अक्काचं सोवळं मोडलं असतं. एवढं तरी मोडायचं होतं, असं मला वाटतं. एक गाठ सुटली असती तर त्यांना आत गणपती दिसला असता आणि त्याच्या पुढच्या पानावर भोपळ्याची भाजी दिसली असती.

संध्याकाळी ते दवाखान्यात आले. आत्याला त्या दिवशी जरा बरं होतं, उशीला टेकून बसली होती. वडील खाटेच्या कडेला बसले आणि लहान मुलाने निकाल सांगावा तसं सांगायला लागले. "अक्का, तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पोथ्यांना वाळवी लागली होती. पण मी सगळं व्यवस्थित केलं. अंघोळ करून मुकटा नेसलो, हळदकुंकू वाहिलं आणि खाडीत सोडून आलो. सगळा दिवस उपासही केला."

माझ्या हातात तिच्या दुधाचा पेला होता. मी तो कुठे ठेवला ते मला आठवत नाही.

आत्याने विचारलं, "सगळ्या?"

"सगळ्या. खालच्या बऱ्या असतील, पण एक ठेवायची आणि एक सोडायची, असं कसं करणार? त्यात दुजाभाव होतो."

आत्याची नजर त्यांच्या पायांकडे गेली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही ते दिसलं असेल, कारण दोन्ही पायांना चिंध्या बांधल्या होत्या. मुलुंडच्या खाडीपर्यंत जायला मिठागरांच्या बांधावरून जावं लागतं आणि वडील पोथ्या डोक्यावर घेऊन अनवाणी गेले होते. मिठाने आणि खड्यांनी पाय फाटले होते.

"बरं केलंस," आत्या म्हणाली.

वडिलांचे डोळे भरून आले. मीही रडले, आणि त्यांना वाटलं आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी रडतोय.

दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात होती तेव्हा मी खाडीवर गेले. ओहोटी होती. मिठाचे ढीग लांबपर्यंत पांढरे दिसत होते आणि त्यांच्यापुढे नुसता चिखल. तिवरांच्या मुळांत एक लाल फडकं अडकलं होतं, रिकामं. मी चिखलात गुडघ्यापर्यंत गेले, पण कागदाचा कपटाही नव्हता. मिठागरावरच्या एका बाईने हाक मारून विचारलं, काय हरवलं. मी नथ म्हणाले. ती बिचारी माझ्याबरोबर नथ शोधत बसली.

डॉक्टरांचं खोटं ठरवून आत्या घरी आली. मी पहिल्याच दुपारी तिला म्हटलं, "मी बाबांना सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"काय होतं ते."

"नको."

"का नको? त्यांना कळायला नको? तुझं सगळं बुडवलं त्यांनी."

"तो उपाशी, अनवाणी गेला होता गं," ती म्हणाली. "आता त्याला सांगायचं की डोक्यावर भरली वांगी घेऊन गेलास? तो परत सुखाने जेवायचा नाही. आणि लपवलं मीच ना. ताकाला जाऊन भांडं लपवलं, आता भांडं फुटलं म्हणून कोणावर ओरडू?"

मी वही काढली. म्हटलं, तुला आठवतं तेवढं सांग, मी लिहून घेते, बाईंना ते तरी देऊ. तिने सुरुवात केली. पहिली कृती अर्ध्यावर गेली आणि तिथे दुसऱ्या पुस्तकातली शिरली. तिलाच ते कळलं आणि ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तसंच. "पुस्तक होतं म्हणून पाठ केलं नव्हतं," ती म्हणाली. मी विचारलं, निदान चवीवरून काही लक्षात येतं का, गोड असायचं की तिखट? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. तिने त्यातलं कधी काही खाल्लंच नव्हतं. वही तिथेच बंद झाली. बाईंना मी सांगितलं की पुस्तकं वाळवीने खाल्ली. त्या म्हणाल्या, अरेरे, आणि वर्गाची वेळ झाली म्हणून गेल्या.

वडिलांच्या मनाला मात्र लागून राहिलं होतं की अक्का आता दुपारी काय वाचणार. ते गिरगावातून एक नवी कोरी पोथी घेऊन आले. टपोऱ्या अक्षरांची, तिला डोळ्यांना सोसेल अशी. स्वतःच्या हातांनी लाल फडक्यात बांधली आणि नव्या कपाटात ठेवली. आत्याने दुसऱ्या दिवसापासून ती वाचायला घेतली, खरीखुरी पोथी, मोठ्याने. वडील निवृत्त झाल्यावर रोज समोर येऊन बसायला लागले. मांडी घालून, डोळे मिटून. ओवी आवडली की मान डोलवायचे. आत्या एकसुरी वाचत जायची. मी कॉलेज संपवून नोकरीला लागले होते, पण रविवारी घरी असले की ते ऐकू यायचं आणि मी काहीतरी काम काढून बाहेर जायची. ते बहीणभाऊ तसे बसलेले मला बघवत नसत. एकदा मी विचारलं, "कंटाळा येत नाही तुला?"

"तो बसतो ना समोर," ती म्हणाली. "लहानपणी पाटी घेऊन असाच बसायचा."

अशी सहा-सात वर्षं काढली तिने. शेवटी मोतीबिंदूने काहीच दिसेना तरी पान पुढ्यात धरून बसायची, आणि पोथी आता खरंच पाठ झाली होती. थंडीच्या दिवसांत एका पहाटे ती झोपेतच गेली.

तेराव्याला गोड करतात. आदल्या दिवशी आचारी विचारायला आला. ओसरीवर वडील, कोकणातून आलेले दोघे-तिघे नातेवाईक आणि आई बसली होती. आचारी म्हणाला, "गोड काय करू? गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतात. बाईंना काय आवडायचं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आई आठवण्याचा प्रयत्न करत होती, ते तिच्या कपाळावर दिसत होतं. इतकी वर्षं एका घरात काढून तिला एकही नाव सुचत नव्हतं. मी दारात उभी होते. माझ्या तोंडात नावं गर्दी करत होती. पाकातले, सारणातले, केशरातले, आता कोणीही करत नसलेले, तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलेले पदार्थ. पण त्यातला एकही आचाऱ्याला करता आला नसता, कारण त्याची कृती आता कुठेच नव्हती. आणि एक जरी नाव काढलं असतं तर वडिलांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत.

वडील म्हणाले, "अक्काला खाण्यात कधीच रस नव्हता. तिचं सगळं लक्ष पोथीत. साधा शिरा करा."

दुसऱ्या दिवशी पंगतीला साधा शिरा होता. तो तिच्या स्वभावाला शोभला, असं सगळ्यांनी म्हटलं.